आईच्या डोळ्याचा पडदा आणि अलूचा आरएनए

नौपाड्यातल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारावर बारीक चौकटींचा एक कागद चिकटवलेला आहे. रोज सकाळी आई चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडे पाहते आणि कोणती रेघ वाकडी दिसते ते मला सांगते. उजव्या डोळ्याला ठिपक्याजवळच्या तीन रेघा लाटेसारख्या दिसतात. बारीक अक्षर वाचणारा पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजत चालला आहे आणि हा कोरडा प्रकार आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी या आजाराविषयी मिळेल ते वाचत आहे.

त्या वाचनातच ‘अलू’ हे नाव भेटले. आपल्या जनुकसंचात या नावाचा, डीएनएच्या सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा १० लाखांहून अधिक ठिकाणी आढळतो. जागा बदलणारे असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांना प्रथम मक्यात सापडले आणि त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले. असा तुकडा भलत्या जागी घुसला की जनुक बिघडते, हे समजायला सोपे आहे. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत एल-१ नावाच्या अशाच दुसऱ्या तुकड्याने नेमके तेच केलेले दिसले होते.

पडद्याच्या बाबतीत मात्र अलूला नव्याने कोठे घुसण्याची गरजच पडत नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पेशीत अलूचा आरएनए, म्हणजे त्या तुकड्याची नक्कल, तयार होत असतो आणि डायसर नावाचे विकर त्याचे तुकडे करून टाकते. कोरड्या प्रकाराची पुढची अवस्था गाठलेल्या डोळ्यांत, पडद्यामागच्या रंगद्रव्य पेशींमध्ये डायसर कमी झालेले आणि अलूचा आरएनए साचलेला आढळला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांत अलू मुळातच नसतो. तरीही हा आरएनए त्यांच्या पडद्यामागे टोचला तेव्हा तिथल्या पेशी मेल्या. साचलेल्या आरएनएमुळे पेशीतली दाह पेटवणारी यंत्रणा जागी होते, हे पुढच्या वर्षी दाखवले गेले. एचआयव्हीवरच्या काही जुन्या औषधांनी उंदरांत ही हानी रोखली, ही बातमी मी आईला आवर्जून वाचून दाखवली.

तिने औषधाचे काही विचारले नाही. “तपासले ते डोळे कोणाचे होते?” एवढेच विचारले. मरणोत्तर नेत्रदान केलेल्यांचे, असे सांगितल्यावर तिने तो परिच्छेद मला पुन्हा, सावकाश वाचायला लावला.