रेस खाली येईना

मंगळवार, रात्री

आज पुन्हा तेच. मोटरसायकल नीट तापली, रेसची मूठ सोडली, तरी इंजिन खाली यायचं नाव घेईना. अर्धा मिनिट तसंच भणभणत राहिलं आणि मग मनात आलं तसं एकदम स्लोला आलं. दोन महिने झाले याला. या दोन महिन्यांत मी कार्बोरेटर चार वेळा खोलला. पायलट जेट फुंकला, फ्लोटची पातळी तपासली, मॅनिफोल्डचं पॅकिंग बदललं, थ्रॉटल केबलमध्ये तेल सोडलं. दर वेळी एक-दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच रडगाणं.

आज मात्र वैताग आला आणि रेस खाली यायची वाट न बघता मी किल्लीच फिरवली. दोन मिनिटांनी किक मारली, तर किकनंच मला मारलं. नडगीवर आता टेंगूळ आहे, ओला फडका बांधून लिहितोय.

पण या टेंगळाचे आभार मानायला हवेत. कार्बोरेटर काहीही करेल, लाथ मारणार नाही. किक उलटी येते ती पिस्टन वर पोचायच्या बराच आधी ठिणगी पडली तर. म्हणजे गाडी बंद झाली तेव्हा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे (लवकरच्या बाजूला) गेलेलं होतं आणि तिथेच अडकून बसलं होतं. एरवी मी रेस उतरल्यावरच गाडी बंद करायचो, म्हणून हे कधी दिसलंच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दोन महिने.

बुधवार

आज हात लावला नाही, फक्त विचार केला. (पाय दुखतोय हे खरं कारण.)

ठिणगी पडल्यापासून पिस्टनवर पुरता जोर यायला थोडा वेळ लागतो. मिनिटाला १००० फेरे असताना क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ४००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात २४ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. फार जुन्या गाड्यांना यासाठी हँडलवर वेगळी दांडी असायची. किक मारताना ती मागे ओढायची, गाडीनं वेग घेतला की पुढे ढकलायची, आणि विसरलात तर नडगी आहेच. पुढे हे काम दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करू लागल्या. शाफ्टबरोबर वजनं फिरतात, वेगानं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट (स्विचसारखी जोडी, ती उघडली की ठिणगी पडते) उघडणारा कॅम त्याच्याच फिरण्याच्या दिशेनं थोडा पुढे सरकवतात. चार स्ट्रोकच्या माझ्या इंजिनात हा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, तेव्हा कॅम १२ अंश सरकला की क्रँकच्या हिशेबात २४ अंश झाले. ठराविक वेगानंतर वजनं थांब्याला टेकतात आणि ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगीची ही आघाडी, तिथेच राहतो. तेही बरोबरच आहे, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली हवा जास्त घुसळली जाते आणि जळणंही झपाट्यानं होतं.

अडकतं ते बहुतेक पुढे गेलेल्या जागी, हे मला आज विचार करताना उमगलं. बाहेर जाताना वजनांना वेगाचा रेटा असतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. परत यायला मात्र एवढीशी स्प्रिंग. थोडा चिकटपणा आला की जाताना कळतच नाही, येताना मात्र सगळं अडतं. त्यात ठिणगी लवकर पडत राहिली की तेवढ्याच पेट्रोलवर इंजिन जास्त वेगानं फिरतं, आणि तो वेग वजनांना पुन्हा बाहेर धरून ठेवतो. एकमेकांना चढवून ठेवणारी जोडी.

शनिवार

सकाळी कव्हर काढलं. पॉइंटची प्लेट सैल करायच्या आधी सुईनं खूण केली. कॅम बोटांत धरून पिळला. सोडल्यावर तो टचकन मागे यायला हवा. माझा गेला पुढे आणि आळसावून तिथेच थांबला. बोटानं ढकलला तेव्हा परत आला.

मधला बोल्ट काढला, पण वजनं-स्प्रिंगांचं हे युनिट शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेलं. इथे हातोडी उचलायचा मोह होतो. एकदा मी तो आवरला नव्हता आणि शाफ्टचे आटे बसले होते. या युनिटच्या तोंडाला आतून मोठे आटे आहेत, त्यात जाड बोल्ट पिळत गेलं की तो शाफ्टला टेकतो आणि युनिट आपणहून बाहेर येतं.

उलटं करून पाहिलं. पिनांच्या बुडाशी आणि कॅमच्या भोकात काळपट तपकिरी लेप, नखानं खरवडला तर लाखेसारखे पापुद्रे निघाले. त्याचा वास घेतला आणि ओशाळलो. हे माझंच ग्रीस होतं. दोन वर्षांपूर्वी इंजिन उघडलं होतं तेव्हा मी मोठ्या मायेनं इथे बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं होतं, चांगलं बोटभर. इंजिनच्या उष्णतेनं त्यातलं तेल सुकत गेलं, उरलेल्या साबणात (ग्रीसला घट्टपणा देतो तो) कॅमवर घासणाऱ्या पॉइंटच्या टाचेची झीज मिसळली आणि मधल्या जागेत त्याचा डिंक झाला. गाडीच्या आधीच्या मालकाला मी मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो, ते सगळं परत घेतो.

कॅम उपसण्याआधी त्याच्यावर आणि शाफ्टवर एकेक रंगाचा ठिपका दिला. हा कॅम उलटा, म्हणजे १८० अंशांनीही बसतो. तसा बसवला तर ठिणगी पडते ती नेमकी एक्झॉस्टच्या शेवटी, आणि माणूस दिवसभर किक मारत बसतो. ठिणगी दिसते, पेट्रोल आहे, गाडी चालू होत नाही. असा एक दिवस माझ्या नावावर आहे.

रॉकेल, जुना टूथब्रश, चिंध्या. लेप जाता जाईना, शेवटी दोन तास भिजत ठेवला. शाफ्टवर गंजाचे दोन ठिपके होते, ते अगदी बारीक पॉलिश पेपरला तेल लावून नुसते पुसल्यासारखे काढले. घासत बसलं की कॅम सैल होतो, मग तो डुलतो आणि पॉइंटचा गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलतो. हे चिकटण्याहून वाईट, कारण त्यावर सफाई चालत नाही.

मग स्प्रिंगा. एक ताणून बसलेली, दुसरी पिनवर चक्क लोंबकळत होती. मला वाटलं, ही ताणून ढिली झाली. पक्कड हातात घेतली होती, एक वेढा कापून आकडा नव्यानं वळवणार होतो. मग लक्षात आलं, तिचा आकडा मुळातच लांबट वळवलेला आहे. ताणलेल्या स्प्रिंगेचे वेढे फाकतात, हिचे एकमेकांना चिकटून होते. मॅन्युअलमधल्या चित्रातही ती अशीच. काही युनिटांत हे मुद्दाम केलेलं असतं: कमी वेगाला एकटी घट्ट स्प्रिंग काम करते, वजनं थोडी बाहेर आली की दुसरी तिच्या मदतीला येते आणि पुढचा ॲडव्हान्स हळू वाढतो. सुरुवातीला टायमिंग भराभर पुढे जावं आणि नंतर सावकाश, यासाठी एका आकड्याची लांबी पुरली. ज्यानं हे काढलं त्याला माझा नमस्कार, आणि मी पक्कड खाली ठेवली त्याबद्दल मलाही थोडासा.

पिनांवर आणि शाफ्टवर पातळ तेलाचा एकेक थेंब. पुसून पुन्हा पाहिलं, जास्त तर झालं नाही ना. पॉइंटवर तेल उडालं की ते तिथे जळतं आणि मग ठिणगीचं नवीन प्रकरण.

आता कॅम पिळून सोडला की टच्. वीसेक वेळा केलं. वीस वेळा करायची काही गरज नव्हती.

रविवार

सगळं बसवलं. पॉइंटचा गॅप ०.४० मिलिमीटर, फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) किंचित ओढ घेऊन सरकेल इतका. स्थिर टायमिंग (इंजिन बंद असतानाचं) बल्ब लावून: पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो. त्याआधी कॅम पूर्ण मागे आहे याची खात्री केली. नाहीतर अडकलेल्या कॅमवर बिनचूक टायमिंग लावायचं, जे मी दोन वर्षांत बहुधा केलंच असेल.

दुपारी अंधार करून स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीला लखलखणारा दिवा) लावला. दुसऱ्या किकला चालू. रोटरवर मी पांढऱ्या रंगानं ओढलेली रेघ उजेडात थबकल्यासारखी दिसत होती. रेस वाढवली तशी ती सरकत गेली आणि थांब्याला जाऊन थांबली. मूठ सोडली. रेघ जागेवर परत आली, मध्ये कुठेही न रेंगाळता.

आणि तिच्यापाठोपाठ इंजिनही उतरत गेलं, उतरत गेलं आणि बंदच पडलं.

पुन्हा किक, पुन्हा बंद. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं. चढलेली रेस उतरवायला दोन महिने मी स्लोचा स्क्रू थोडा थोडा उलटा फिरवत आलो होतो. कार्बोरेटरची स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करते ती) जवळजवळ तळाला टेकली होती, इंजिन चालत होतं ते अडकलेल्या ॲडव्हान्सच्या जिवावर. स्क्रू पुन्हा आत घेतला. हवेचा स्क्रूसुद्धा पूर्ण बंद करून मोजून दीड फेरा उघडला, कारण तोही मी कुठच्या कुठे नेऊन ठेवला होता. कार्बोरेटरचा काहीच दोष नव्हता, आता मात्र पाचव्यांदा त्याच्याचपाशी बसलो होतो, माझ्याच खोड्या निस्तरत.

संध्याकाळपर्यंत स्लो लागला. ग्रीसचा डबा वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवला आहे.