विल्ट, रसेल, जॉर्डन, लेब्रॉन: मोजायचे कशाने?

बास्केटबॉलमधील थोरवीचा वाद कुठूनही सुरू झाला, तरी थोड्याच वेळात तो 'अमुक खेळाडू आज खेळला असता तर' या वाक्याशी येऊन ठेपतो आणि माझ्या मते तिथेच भरकटतो. १९६२ सालचा खेळाडू जसाच्या तसा, त्याच्या कॅनव्हासच्या बुटांसकट आजच्या मैदानावर उतरवला, तर ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला आजचा आहार, आजचे प्रशिक्षण आणि आजचे डॉक्टर दिले, तर तो काल्पनिक खेळाडू होतो, ज्याच्या अंगी ज्याला जे हवे ते गुण चिकटवता येतात. त्यापेक्षा साधा आणि तपासता येण्याजोगा प्रश्न असा, की त्याच नियमांत, त्याच प्रवासाची दगदग सोसून खेळणाऱ्या समकालीनांच्या तो किती पुढे होता. या प्रश्नालाही एक खोच आहे: त्या काळाने जे मोजलेच नाही, ते आपल्याला दिसत नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, १९६१-६२ चा हंगाम उघडावा. त्या वर्षी विल्ट चेंबरलेनने दर सामन्यात सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर हाती घेतलेले चेंडू) मिळवले. २ मार्च १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील हर्शी येथे न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले. त्या सामन्याचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. सामना ४८ मिनिटांचा असताना त्याची मैदानावरील सरासरी ४८.५ मिनिटे होती, कारण जादा वेळेतही तो बाहेर बसला नाही. संपूर्ण हंगामात तो केवळ आठ मिनिटे मैदानाबाहेर राहिला, तेही पंचांनी बाहेर काढल्यामुळे. याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करता येईल असे पास) अशी सरासरी राखली. संपूर्ण हंगामासाठी तशी 'ट्रिपल-डबल', म्हणजे तिन्ही रकान्यांत दोन आकडी, सरासरी त्यानंतर थेट २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रूकला साधली. एल्जिन बेलर तर त्या वर्षी लष्करी सेवेत होता आणि सुटी मिळेल तेव्हा येऊन खेळत होता. त्याने ४८ सामने खेळून ३८.३ गुणांची सरासरी गाठली.

हे आकडे वाचून डोळे दिपतात, म्हणूनच ते थोडे दूर धरून पाहायला हवेत. त्या हंगामात प्रत्येक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा बास्केटवर फेक करी. आज हा आकडा नव्वदीच्या आत आहे. फेकी जास्त आणि अचूकता कमी, म्हणजे परतलेले चेंडूही जास्त. तेव्हा एका संघाच्या वाट्याला सामन्यात ७० च्या आसपास रिबाउंड येत, आज ते ४० ते ४५ असतात. १९९१-९२ मध्ये डेनिस रॉडमनने १८.७ रिबाउंडची सरासरी राखली. संघाच्या एकूण रिबाउंडमधला वाटा ढोबळमानाने काढला, तर रॉडमनचे १८.७ विल्टच्या २५.७ पेक्षा भारी ठरतात. विल्टला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. ५०.४ गुणांच्या सरासरीला कितीही कात्री लावली, तरी तो त्या वर्षीच्या इतर साऱ्यांच्या कोसभर पुढेच राहतो.

असे असूनही त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून विल्टची निवड झाली नाही. तो मान बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला मिळाला, ज्याची गुणांची सरासरी १८.९ होती. आज हे ऐकून पत्रकारांच्या लहरीपणावर खापर फोडण्याचा मोह होतो, पण त्या काळी या पुरस्कारासाठी खेळाडूच मतदान करत. ज्यांच्या डोक्यावरून विल्ट चेंडू टाकत होता आणि ज्यांचे चेंडू रसेल हवेत अडवत होता, त्यांनीच रसेलला निवडले. समकालीनांची याहून थेट साक्ष मला तरी ठाऊक नाही. त्या वर्षी पूर्व विभागाच्या निर्णायक सातव्या सामन्यात सेल्टिक्सने विल्टच्या फिलाडेल्फिया वॉरियर्सवर १०९-१०७ अशी मात केली. लेकर्सविरुद्धच्या अंतिम फेरीचा सातवा सामना जादा वेळेत गेला आणि ११०-१०७ असा सेल्टिक्सने जिंकला. त्यात रसेलने ३० गुण आणि ४० रिबाउंड नोंदवले.

रसेलची खरी कमाई मात्र या आकड्यांतही नाही. एनबीएने ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक हवेत अडवणे) आणि स्टील (त्याच्याकडून चेंडू हिसकावणे) यांची अधिकृत नोंद ठेवायला १९७३-७४ मध्ये सुरुवात केली आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. ज्या गोष्टीत तो अद्वितीय होता, तिचा रकाना त्याच्या नावापुढे कोराच आहे. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे रसेलच्या अखेरच्या हंगामात, आणि त्या पहिल्या वर्षी तो पराभूत संघाच्या जेरी वेस्टला देण्यात आला. तेव्हा मायकेल जॉर्डनचे असे सहा पुरस्कार आणि रसेलचा एकही नाही, हा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी सनावळी पाहावी. २००९ पासून त्या पुरस्काराला नाव आहे ते रसेलचेच.

रसेलच्या १३ हंगामांतील ११ विजेतेपदांवर घेतला जाणारा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. १९६१-६२ मध्ये एनबीएत नऊच संघ होते, आज ३० आहेत. संघ कमी असल्याने गुणवत्ता एकवटलेली होती, हा प्रतिवाद अर्धाच खरा आहे, कारण त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात किती जागा द्यायच्या याच्या अलिखित मर्यादा होत्या आणि अमेरिकेबाहेरून जवळपास कोणी येतच नव्हते. नऊपैकी एक होणे आणि तिसांपैकी एक होणे यांत फरक आहेच, आणि तो मी रसेलच्या खात्यातून वजा करतो.

नियमांचेही तसेच. १९७९-८० मध्ये एनबीएत तीन गुणांची रेषा आली, जिच्या पलीकडून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, तरी कित्येक वर्षे ती नुसती आखलेलीच होती. करीम अब्दुल-जब्बारने साऱ्या कारकिर्दीत तीन गुणांची एकच बास्केट केली आणि तरी त्याचे ३८,३८७ गुण झाले. लेब्रॉन जेम्सने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी हा विक्रम मोडला तेव्हा त्याच्याकडे अशा बास्केटची संख्या दोन हजारांच्या वर होती. शिवाय करीम महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून बाविसाव्या वर्षी एनबीएत आला, तर लेब्रॉन शाळेतून थेट अठराव्या वर्षी. एकूण गुणांच्या यादीवरून श्रेष्ठत्व ठरवणे मला म्हणूनच पटत नाही. विसाव्या हंगामातही संघाचा भार आपल्या खांद्यावर घेणे ही लेब्रॉनची खरी थोरवी आहे आणि तिला त्या यादीची गरज नाही.

समकालीनांशी असलेले अंतर ही फूटपट्टी सर्वांत स्वच्छ कुठे लागू पडते, तर स्टीफन करीला. २०१५-१६ मध्ये त्याने तीन गुणांच्या ४०२ बास्केट केल्या. आधीचा विक्रम २८६ चा होता, तोही त्याचाच. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या क्ले थॉम्पसनच्या, म्हणजे त्याच्याच सहकाऱ्याच्या, नावावर २७६ होत्या. नियम तेच आणि रेषाही तीच होती.

जॉर्डनविषयी लिहिताना ३०.१ गुणांची सरासरी आणि सहा विजेतेपदे यांची उजळणी करण्यात अर्थ नाही. मला त्याचा १९८७-८८ चा हंगाम अधिक बोलका वाटतो. त्या वर्षी तो ३५ गुणांच्या सरासरीने सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. त्याच्याही पारड्यातून काही काढावे लागते: त्याच्या शिकागो बुल्सने १९९५-९६ मध्ये ७२ सामने जिंकले, ते टोरोंटो आणि व्हँकुव्हर हे नवखे संघ दाखल झाले त्याच हंगामात, आणि तेव्हा तीन गुणांची रेषाही काही काळापुरती जवळ आणलेली होती.

एवढे सगळे वजा केल्यावर माझ्या यादीत जॉर्डन पहिला, रसेल दुसरा आणि लेब्रॉन तिसरा उरतो. विल्ट त्यांच्या खाली, कारण त्याच्या सर्वांत दिपवणाऱ्या वर्षीही त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांनी मत दुसऱ्याला दिले. रसेलला पहिला क्रमांक द्यावा असे अनेकदा मनात येते. पण कारकिर्दीत त्याच्या फ्री थ्रोची (फाऊलनंतर कोणी न अडवता मिळणाऱ्या फेकीची) अचूकता ५६ टक्के आणि खेळ चालू असतानाच्या मैदानी फेकींची ४४ टक्के होती, आणि हे दोन रकाने त्याच्या काळातही भरले जात होते.