सगळे दात काढूनच टाका की!

कागलकडच्या एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात आला. हिरड्यांतल्या जंतूंमुळे स्मृतिभ्रंश होतो, असे त्याने मोबाइलवर पाहिले होते. "डॉक्टर, आईचे सगळे दात काढूनच टाका की, इसरायचं तरी थांबंल," असे तो आल्याआल्याच म्हणाला.

आजी वर्षानुवर्षे मिश्री लावत आल्या आहेत. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असतानाही रक्त फारसे येत नाही आणि रुग्णाला सारे ठीक वाटत राहते. आजींची हिरडीही वरवर घट्ट दिसत होती, पण खोली मोजायचा प्रोब खालच्या दाढेपाशी घातला, तर तो ७ मिलिमीटर आत उतरला. निरोगी हिरडीत तो ३ च्या पुढे जात नाही. हे मला रोजचेच आहे. मी थबकले ते चूळ भरायला पाणी दिल्यावर, कारण आजींनी ते गिळले आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी स्वतः चूळ भरून दाखवली, तेव्हा कुठे त्यांना जमले.

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांच्या जंतूची विकरे (एन्झाइम) सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, हे खरे आहे. परंतु तीच विकरे रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत २०२१ मध्ये रुग्णांची घसरण एकंदरीत थांबली नाही, हे त्या मोबाइलवर कोणी सांगितले नव्हते. शिवाय विसर पडू लागला की दात घासणेही सुटते आणि हिरड्या आणखी बिघडतात. आजींचा विसरभोळेपणा घरच्यांना गेल्या दिवाळीपासून जाणवू लागला आणि एक्स-रेमधली हाडाची झीज त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यावरून आधी हिरड्या बिघडल्या असे म्हणावे, तर मेंदूतले बदलही लक्षणे दिसण्याच्या अनेक वर्षे आधीच सुरू झालेले असतात. आधी काय झाले, याचे उत्तर त्या एक्स-रेत नाही, तरी मी तो पुन्हा पुन्हा काढून पाहते आहे.

संताप येतो तो त्यांच्या जाड फाइलीचा. मधुमेहाच्या गोळ्या कित्येक वर्षे चालू आहेत. हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना चिथावतात हे पाठ्यपुस्तकात आहे, तरीही एकाही डॉक्टराने त्यांना तोंड उघडायला सांगितल्याची नोंद नाही.

पूर्ण हललेले दोनच दात मी काढले. बाकीच्यांची हिरडीखालची सफाई थोड्या थोड्या वेळाच्या बैठकांत, सकाळी आजींचे चित्त थाऱ्यावर असताना करायचे ठरवले. थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडू शकतो, म्हणून ती दोन्ही तपासावीत, असे पत्र त्यांच्या डॉक्टरांना दिले. मुलाला आईच्या मागे उभे करून, एका हाताने हनुवटी धरून ब्रशचे केस हिरडीकडे तिरके कसे टेकवायचे, हे त्याच्याकडून करवून घेतले.

"मग इसरायचं थांबंल न्हवं?" त्याने जाताना पुन्हा विचारले. तशी खात्री मी देऊ शकत नाही, मात्र आईंना भाकरी चावता येईल आणि साखर आटोक्यात ठेवायलाही थोडी मदत होईल, असे मी त्याला सांगितले. त्याने पुढच्या सोमवारची वेळ घेतली.