ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट एका ठिकाणी आणताना: माझा अनुभव

तिरंदाजीत सरावाच्या बाणाला लावतात ते साधे टोक म्हणजे फील्ड पॉइंट, आणि शिकारीचे धारदार पात्यांचे टोक म्हणजे ब्रॉडहेड. फील्ड पॉइंट लावलेले बाण 20 मीटरवर मुठीएवढ्या जागेत बसत होते. त्याच बाणांवर 100 ग्रेनचे (सुमारे 6.5 ग्रॅम), तीन स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड चढवले आणि सगळा गट 10 सेंटिमीटर डावीकडे, 4 सेंटिमीटर खाली गेला. अशा वेळी हात आधी साइटकडे (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेकडे) जातो. तो आवरायचा. साइट सरकवून 20 मीटरचे गणित जुळते, पण 35 मीटरवर तीच चूक पुन्हा वर येते, कारण बाण मुळात तिरका सुटत असतो. फील्ड पॉइंटला हवा फारशी धरत नाही, त्यामुळे मागची पिसे ही तिरकस सुटका सावरून घेतात. ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेली पिसेच. मागची पिसे बाण सरळ करेपर्यंत पात्यांनी त्याला आपल्या दिशेला ओढलेले असते.

धनुष्य कंपाउंड (टोकांना कॅम नावाची चाके असलेले), 60 पाउंडांच्या ताणाचे, ड्रॉ म्हणजे दोरीची ओढ 28 इंच, दोरी सोडायला रिलीज एड हे खटक्याचे साधन. दांड्या 400 स्पाइनच्या. हा आकडा दांडीच्या लवचिकतेचा आहे: 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मधोमध 880 ग्रॅमचे वजन टांगले की ती 0.400 इंच वाकते. आकडा लहान तेवढी दांडी ताठ. दांडी आखूड कापली की ती जास्त ताठ वागते, पुढचे वजन वाढवले की जास्त लवचीक. म्हणून 100 ऐवजी 125 ग्रेनचे टोक लावणार असाल तर स्पाइनचा तक्ता पुन्हा पाहा. ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंटचे वजन सारखे हवे. पाकिटावरच्या आकड्यावर न विसंबता मी प्रत्येक टोक ग्रेनच्या काट्यावर तोलतो. दोन-तीन ग्रेनचा फरक चालतो.

धनुष्याला हात लावण्याआधी बाण तपासले, आणि माझ्या मते निम्मे काम इथेच होते. ब्रॉडहेड बसवलेला बाण दोन चाकांच्या स्पिनरवर फिरवला आणि टोकाकडे पाहिले. टोक थरथरले तर तेच ब्रॉडहेड दुसऱ्या दांडीवर लावायचे. थरथर ब्रॉडहेडबरोबर गेली तर त्याची नळी वाकडी. दांडीपाशीच राहिली तर इन्सर्ट (टोक आवळण्यासाठी दांडीत चिकटवलेला तुकडा) तिरका बसलाय किंवा दांडीचे तोंड काटकोनात नाही. तोंड सरळ करायला कडेवर मार्करची शाई लावली आणि घासणीच्या साच्यात दांडी हलक्या हाताने फिरवली. शाई सगळीकडून सारखी गेली की तोंड सपाट झाले. कार्बनची धूळ श्वासातून जाऊ देऊ नका, मास्क लावाच. इन्सर्ट चिकटवण्याआधी दांडीचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पाती आणि पिसे एका रेषेत असावीत असे बरेच जण सांगतात. त्याची गरज नाही, टोक सरळ फिरले की पुरे.

पिसांच्या बाबतीत काटकसर नको. फील्ड पॉइंटला पुरणारी दोन इंची बुटकी पिसे स्थिर पात्यांना सावरायला कमी पडू शकतात. उंच पिसे घ्या आणि ती हेलिकल (किंचित पिळात) बसवा, म्हणजे बाण लवकर फिरू लागतो.

मग धनुष्य. दोन्ही कॅमचे थांबे ड्रॉच्या शेवटी एकाच क्षणी टेकतात का, हे ड्रॉ बोर्डवर (दोरी ओढून धरायच्या फळीवर) पाहिले. एक आधी टेकला तर नॉक (बाणाची दोरीत अडकणारी खाच) वर-खाली होत सुटतो आणि रेस्ट (बाण टेकतो तो आधार) कितीही हलवली तरी ते सुटत नाही. केबलला पीळ देण्याचे काम बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) करू नये. त्यानंतर बाण रेस्टच्या बोल्टच्या भोकासमोर आणला आणि नॉक समपातळीपेक्षा 3 मिलिमीटर वर ठेवला.

सुमारे 2 मीटरवरून कागदातून बाण मारले. पिसांची फाट टोकाच्या भोकाच्या वर दिसली तर नॉक वर आहे: रेस्ट किंचित उचला किंवा डी-लूप (दोरीवरचा, रिलीज एड अडकवायचा फास) खाली घ्या. रेस्ट हलवूनही फाट तशीच राहिली तर पिसे रेस्टला घासत असण्याची शक्यता मोठी. पिसांवर पावडरचा फवारा मारून एक बाण सोडला की घासल्याची खूण दिसते. नॉक थोडा फिरवून पिसांची जागा बदलली की बहुतेक वेळा हे मिटते.

आता पुन्हा 20 मीटर, फक्त तीन बाण फील्ड पॉइंटचे आणि तीन ब्रॉडहेडचे. दोन्हींसाठी वेगळे ठिपके, नाहीतर पाती दुसऱ्या बाणांची पिसे कापतात. लक्ष्य थरांच्या फोमचे हवे. कापडी पिशवीचे लक्ष्य ब्रॉडहेडने फाटते. रेस्ट हलवण्याचा नियम एकच: फील्ड पॉइंट जिकडे आहेत तिकडे. ब्रॉडहेड खाली, तर रेस्ट वर. डावीकडे, तर रेस्ट उजवीकडे. आधी वर-खाली मिटवले, मग डावे-उजवे. एका वेळी 1 मिलिमीटरपेक्षा कमी, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीन-तीन बाण. साधारण 1.5 मिलिमीटर उजवीकडे गेल्यावर दोन्ही गट एकमेकांवर आले. साइट त्यानंतर हलवली.

रेस्ट मूळ जागेपासून 3 मिलिमीटरपेक्षा जास्त न्यावी लागली तर मी थांबतो. तेव्हा दोष स्पाइनमध्ये, कॅमच्या झुकण्यात किंवा हाताच्या पिळात असतो. लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे) दोन्ही बोल्ट सारखेच, अर्धा फेरा सैल करून पाहा. धनुष्याचा ताण कमी झाला की बाण जास्त ताठ वागतो. गटांमधले अंतर कमी झाले तर दांडी लवचीक पडत होती. अंतर वाढले तर उलट. हाताचा पीळ तपासायला पकड सैल ठेवून, बोटे न आवळता बाण मारा.

बाणांना क्रमांक घातले आहेत, कारण एखादा बाण फील्ड पॉइंटने नीट जातो आणि ब्रॉडहेडने दरवेळी भरकटतो. त्याचा नॉक एक-तृतीयांश फिरवून पाहायचे. तिन्ही स्थितींत भरकटला तर तो सरावाचा. शेवटी रेस्ट, डी-लूप आणि दोन्ही कॅमवर चांदी रंगाच्या मार्करने बारीक रेघा मारल्या. दोरी ताणली किंवा रेस्ट सरकली तर त्या रेघांवरून लगेच कळते.