अ‍ॅट्रोपिनचा हिशोब

तोंडाला फेस, घामाने चिंब कपडे, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि फवारणीच्या औषधाचा उग्र वास. ऑर्गॅनोफॉस्फरस या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेचं निदान सहसा चुकत नाही. चुकतो तो अ‍ॅट्रोपिनचा, म्हणजे त्यावरच्या उताऱ्याचा, हिशोब.

अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची धरू. पहिला डोस ३ अ‍ॅम्प्यूल. ५ मिनिटांनी छाती ऐकायची. फरक नसेल तर दुप्पट, म्हणजे ६, मग १२, मग २४. पंधरा मिनिटांत ४५ अ‍ॅम्प्यूल, २७ मिलिग्रॅम होतात. आकडा बघून हात कचरतो आणि केसपेपरवर 'दर १५ मिनिटांनी २ अ‍ॅम्प्यूल' असं लिहिलं जातं. तेवढ्या वेळात रुग्ण स्वतःच्याच स्रावात बुडतो. बाराच्या पुढे अ‍ॅम्प्यूल फोडण्यातच मिनिटं जातात, म्हणून पुढचा डोस एका सिस्टरने आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवावा.

थांबायचं कधी? छाती मोकळी, नाडी आणि वरचा बीपी दोन्ही ८० च्या वर, काख कोरडी. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांच्यासाठी अडून बसू नये. नाडी १२० आहे पण छाती घरघरतेय, तर अ‍ॅट्रोपिन चालूच ठेवायचं; ती नाडी ऑक्सिजन कमी पडल्याचीही असू शकते. उलट, सगळीकडून छाती मोकळी झाली आणि एकाच बाजूला खाली आवाज उरला, तर उलटी श्वासनलिकेत गेली असावी. ते अ‍ॅट्रोपिनने जाणार नाही.

मग एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला पंपावर. वरच्या उदाहरणात २.७ ते ५.४ मिलिग्रॅम. रुग्ण चादर चिवडू लागला, ताप चढला, पोटाचे आवाज बंद झाले, की डोस जास्त झाला. पंप थांबवायचा आणि लक्षणं उतरल्यावर कमी वेगाने पुन्हा लावायचा.

पोट धुण्याची घाई मात्र नको. श्वासमार्ग सुरक्षित नसताना नळी घातली तर अपाय जास्त.

पॅमचा, म्हणजे विषाने बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणाऱ्या प्रॅलिडॉक्सिमचा, वाद अजून मिटलेला नाही. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बारामतीचा अभ्यास आला: २०० रुग्ण, सगळ्यांना आधी २ ग्रॅम, मग ४८ तास निम्म्यांना तासाला १ ग्रॅम आणि निम्म्यांना दर ४ तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ विरुद्ध ८ टक्के. २००९ मध्ये श्रीलंकेच्या २३५ रुग्णांत सलाइनशी तुलना झाली, तेव्हा फायदा दिसलाच नाही. उलट पॅमच्या गटात मृत्यू थोडे जास्तच होते. बारामतीतले रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते, हे वाचताना सुटतं. शिवाय विषाची जातही बघावी लागते. डायमेथोएटसारख्या डायमिथाइल विषात एन्झाइम काही तासांतच कायमचं बाद होतं, क्लोरपायरिफॉससारख्या डायएथिलमध्ये दीडेक दिवस हाताशी असतो. त्यामुळे विषाची बाटली मागवाच. पॅम द्यायचंच तर पहिला डोस अर्ध्या तासात सावकाश. भरकन दिला की उलट्या आणि बीपीची उसळी.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, छाती कोरडी आणि रुग्ण बोलता असताना, वॉर्डात हलवण्याआधी एक बघावं: उशीवरून मान उचलून धरता येते का? येत नसेल तर श्वासाचे स्नायू थकायला लागलेत. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन वाढवून उपयोग नाही, व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. श्वासनलिकेत नळी घालताना सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध टाळावं. ते मोडणारं एन्झाइमही याच विषाने बंद पडलेलं असतं, त्यामुळे त्याचा परिणाम काही तास टिकू शकतो.