बाप्तिस्मा, टँकर आणि झ्युरिक

परवा जालन्यात ताईच्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून (पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी) घरात जे सुरू झालं ते जेवणं गार होईपर्यंत थांबलंच नाही. भाऊजी दुसऱ्या चर्चच्या मंडळीतले, त्यांचं म्हणणं एवढ्याशा लेकराला काय कळतं, मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करू दे आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून घेऊ दे. मामा रिटायर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तान्हेपणीच बाप्तिस्मा द्या म्हणणारे. ते म्हणाले, "बुडवायला पाणी कुठून आणायलात जावईबापू, टँकर आठ दिवसाला येतो!" सगळे हसले, भाऊजी नाही हसले.

मग मी मधे तोंड घातलं, स्वित्झर्लंडातल्या झ्युरिकचं सांगायला लागलो. तिथं ५०० वर्षांपूर्वी हाच वाद झाला, आणि भांडणारे परके नव्हतेच. उलरिख झ्विंगली ग्रोसम्युन्स्टर चर्चचा पाळक, आणि कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्त्स ही त्याच्याच तालमीतली पोरं. बायबलमध्ये नाही ते मानू नका हे त्यानंच शिकवलेलं, तर पोरं म्हणाली मग तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा बायबलमध्ये कुठंय ते दाखवा. म्हणजे पाणी किती हा प्रश्नच नव्हता (भाऊजी, ऐकायलात ना), वय किती हा होता. झ्विंगली म्हणाला, इस्राएलात आठव्या दिवशी सुंता व्हायची, ते देवाशी झालेल्या कराराचं चिन्ह, तसाच हा बाप्तिस्मा. मला हे पटतं, मी मामाच्याच पार्टीतला.

पण फैसला नगर कौन्सिलच्या हातात. १७ जानेवारी १५२५ ला वादविवाद झाला, कौन्सिलनं झ्विंगलीची बाजू उचलली अन् हुकूम काढला, आठ दिवसात लेकरांना बाप्तिस्मा द्या नाहीतर शहर सोडा. २१ तारखेला मान्त्सच्या घरी ग्रेबेलनं जॉर्ज ब्लाऊरॉक नावाच्या मोठ्या माणसाला बाप्तिस्मा दिला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नवा हुकूम, तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला पाण्यात बुडवून मारायचं. ५ जानेवारी १५२७ ला मान्त्सचे हात गुडघ्यांना बांधून त्याला लिम्मात नदीत टाकलं, आणि काठावरून त्याची आई ओरडून सांगत होती की डगमगू नको. झ्विंगलीचा मुद्दा मला कितीही पटला तरी इथं येऊन घास अडकतो.

मामा काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. ताई बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसली होती, ती म्हणाली, "म्हणजे तान्हा असताना त्या माऊलीनंच त्याला बाप्तिस्म्याला नेलं असंल की रे."

बाळाची तारीख अजून ठरलेली नाही.