सेफलाइट: फॉग सापडला, पण दिव्यात नव्हताच

डार्करूममध्ये काढलेल्या प्रिंटांचे हायलाइट (सर्वांत उजळ भाग) मळकट येत होते, म्हणजे नको तो प्रकाश पडून कागदावर फॉग चढत होता. मागच्या नोंदीतल्या या कोड्याचा छडा लागला. सेफलाइट, म्हणजे फोटोच्या कागदाला न बाधणारा दिवा, म्हणून लावलेली लाल एलईडी पट्टी निर्दोष आहे. सगळा उपद्व्याप तिच्या अडॅप्टरवरच्या मोहरीएवढ्या हिरव्या ठिपक्याचा.

झिरोचा लाल बल्ब आधीच बाद झाला होता. सीडीची चकचकीत बाजू प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवते; तिच्यावर त्याचं प्रतिबिंब पाहिलं की लालशेजारी हिरवट पट्टा दिसायचा. आत पांढरी चिप, वर लाल रंगवलेली टोपी, असा माल सर्रास विकला जातो. म्हणून दुकानात खिशात सीडी नेऊन काउंटरवरच बल्ब लावून बघावा. त्याच्या जागी पुण्याच्या तपकीर गल्लीतली १२ व्होल्टची लाल ३५२८ जातीची एलईडी पट्टी आली: मीटरला ६० एलईडी, ४.८ वॅट, दर ५ सेंटिमीटरला कापता येते. ३० सेंटिमीटरचा तुकडा पाऊण इंची केसिंग पट्टीत चिकटवला आणि झाकण न लावता, तोंड छताकडे करून भिंतीवर ठोकला. सीडीवर निव्वळ लाल. फोटोच्या कोऱ्या कागदावर नाणं ठेवून तिच्या उजेडात ८ मिनिटं: कागद पांढराशुभ्र. तरीही २½ च्या कॉन्ट्रास्ट फिल्टरवर नीट येणाऱ्या निगेटिव्हला ३½ चा (जास्त कॉन्ट्रास्टचा) लागत होता.

नाण्याच्या चाचणीतच खोट होती. कागद काळवंडायला आधी किमान काही प्रकाश लागतो, त्या उंबरठ्याखालचा फॉग कोऱ्या कागदावर उमटतच नाही. प्रिंट करताना मात्र निगेटिव्हमधून आलेला प्रकाश हायलाइटना उंबरठ्यावर आणून ठेवतो. मग सेफलाइटचा कणभर प्रकाशही मोजला जातो. म्हणून चाचणी प्री-फ्लॅश करूनच, म्हणजे कागदाला आधी थोडा प्रकाश देऊनच घ्यावी.

पूर्ण अंधारात, निगेटिव्ह न लावता, एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) टेस्ट स्ट्रिपवरून फिका राखाडी रंग देणारं एक्स्पोजर शोधायचं. सगळ्या कागदाला तेवढं द्यायचं. मग सेफलाइट लावून कागद इझलवर (कागद धरणाऱ्या चौकटीत) ठेवायचा. कागदाची एक पट्टी कायम झाकलेली. बाकीच्यांपैकी पहिली १ मिनिटानंतर झाकायची, दुसरी आणखी १, तिसरी आणखी २ आणि चौथी आणखी ४ मिनिटांनी. म्हणजे १, २, ४, ८ अशा पायऱ्या मिळतात. डेव्हलप अंधारातच.

निकाल: १ मिनिट स्वच्छ, २ ला संशय, ४ ला स्पष्ट गडद. लाल पट्टीचं बटण बंद करून पुन्हा केलं तर हुबेहूब तेच! म्हणजे पट्टी सुटली. एन्लार्जरचा प्लग काढला, एक्झॉस्टच्या भोकावर काळं रेक्झिन ठोकलं; फरक शून्य. शेवटी अडॅप्टर सॉकेटमधून उपटला आणि ८ मिनिटंही स्वच्छ निघाली. बटण १२ व्होल्टच्या बाजूला असल्याने पट्टी बंद केली तरी अडॅप्टर चालूच, आणि त्याचा हिरवा एलईडी इझलपासून हातभर अंतरावर.

इलफर्ड मल्टिग्रेडसारख्या, फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या कागदाला निळ्यासोबत हिरव्याचंही वावडं आहे. त्यात हिरव्या प्रकाशाने कमी कॉन्ट्रास्ट मिळतो, त्यामुळे मार बसतो तो थेट हायलाइटना. ३½ चं कोडं तिथेच सुटलं.

बटण २३० व्होल्टच्या बाजूला नेणं हा उपाय नाही. दिवा लागला की ठिपकाही लागणारच. काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन थर लावले (लाल किंवा पिवळी टेप चालत नाही, आरपार उजळते). तरी दहा मिनिटं अंधारात बसल्यावर डब्याच्या सांध्यातून हिरवी रेघ दिसली. म्हणून अडॅप्टरच खोलीबाहेर: ३ मीटर दोनपदरी वायर, भिंतीत तिरपं भोक, कडेने एम-सील. दीड वॅटला प्रवाह ०.१२ अँपिअर, एवढ्या वायरीत व्होल्टेज पडायचा प्रश्न नाही.

कागद डेव्हलप करायच्या ड्रमसाठी पाइपच्या दुकानात केलेली खरेदी मात्र सुखद. ७५ मिमी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाइपचा आतला घेर साधारण २२० मिमी. ८×१० इंची कागद २०३ मिमीच्या बाजूने गुंडाळला की चपखल बसतो. पाइप करडाच घ्यावा आणि आत टॉर्च लावून बघावा. ३२ सेंटिमीटर कापून एका टोकाला झाकण सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवलं, दुसरं रबर रिंगचं. मूळ बेत झाकणात प्रकाश अडवणारं नळकांडं बसवायचा होता. पण लिहितानाच सुचलं की त्याची गरजच नाही. त्याच पाइपची अडीच सेंटिमीटर रुंद चकती कापून तिच्यातून २५ मिमीचा तुकडा काढला तर ती आत सरकते, आणि कागद तिच्यावर उभा राहतो. तळाशी ६० मिली डेव्हलपर म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर उंची. ड्रम उभा असेपर्यंत कागद कोरडाच. आडवा केला की काम सुरू, चकतीच्या फटीतून डेव्हलपर पलीकडे वाहतो. स्टॉपसाठी (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) झाकण लाल दिव्यातच उघडायचं: किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला १५ ग्रॅम.

चकतीची धार सँडपेपरने घासावी लागेल, नाहीतर कागदाच्या काठाला चरे पडतील. ड्रमची चाचणी आणि अडॅप्टर बाहेर गेल्यानंतरची १६ मिनिटांची पायरी, दोन्ही पुढच्या नोंदीत.